झाकलेल्या पेट्या

इथली थंडी म्हणजे नावाला थंडी. पाण्याचा बर्फ होत नाही, की बोलताना कुणाच्या तोंडातून वाफ निघत नाही. पहाटे अंगावर शाल, दहा वाजता ती खुंटीवर, संपला हिवाळा. माणसांना असली थंडी पुरत नाही, पण काही फुलांना नेमकी एवढीच लागते. पॅन्झी, पिटुनिया, फ्लॉक्स ही मंडळी उन्हाळ्यात जीव धरत नाहीत आणि कडक गारठ्यात मान टाकतात. त्यांचं सगळं आयुष्य मधल्या साडेतीन-चार महिन्यांत. त्यासाठी ऊन उतरणीला लागलं की बी पेरायचं. आठ दिवस आधी घाई केली तर रोपं लुळी पडतात आणि दोन आठवडे उशीर झाला तर झाड भरेपर्यंत पुन्हा उन्हाळा दारात. म्हणजे वर्षातून एकदाच, दहा-बारा दिवसांची फट. ती चुकली की वर्ष चुकलं.

त्या फटीत पेरायचं काम गेली बत्तीस वर्षं थोरली करत होती.

थोरली आणि धाकटी, दोघी जावा. थोरलीचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. धाकटीचा नवरा नर्सरीचा टेम्पो चालवतो, म्हणजे रोपं पोचवतो आणि उरलेल्या वेळात टेम्पोतच बसून या दोघींनी काय करायला हवं ते सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायला उंटच लागतो असं नाही. घराच्या मागे हिरव्या जाळीखाली नर्सरी, पुढे लोखंडी फाटक, बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये लांब टेबल आणि टेबलावर रोपं उगवायच्या लाकडी, उथळ पेट्या.

माती चाळणं, खत मिसळणं, पिशव्या भरणं, पाणी घालणं, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि वर घरचा स्वयंपाक, हे सगळं धाकटीकडे. बी मात्र थोरलीचं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यातही पिटुनियाचं बी तर अगदी तिचं. जांभळ्या फुलाला पांढरी बारीक कड असलेलं एक झाड तिला कधीकाळी वाफ्यात आपोआप आलेलं सापडलं होतं. त्याचं बी धरत, पुन्हा पेरत, वेडंवाकडं निघेल ते उपटून टाकत तिनं ती कड टिकवली होती. तसली पिटुनिया आजूबाजूला कुणाकडे नव्हती. लोक फाटकातूनच विचारत, "कडवाली आली का?" आणि थोरली मुद्दाम थोडा वेळ उत्तर देत नसे.

या बियांची एक गंमत आहे. पॅन्झीला रुजायला अंधार लागतो. तिच्यावर मातीचा थर टाकायचा, वर ओलं गोणपाट घालायचं आणि कोंब येईपर्यंत उघडायचं नाही. पिटुनियाचं उलटं. तिचं बी धुळीसारखं असतं, कोरड्या वाळूत कालवून मुठीतून सोडावं लागतं, आणि त्याला उजेड दिसला नाही तर ते उगवतच नाही. वर नखभर माती पडली तरी मेलं. थोरली म्हणायची, "पॅन्झी लाजरी, पिटुनिया आगाऊ. एकीला पदर दे, दुसरीला अंगणात सोड." धाकटी लग्न होऊन आली तेव्हा हे तिला पहिल्याच हिवाळ्यात पाठ झालं होतं. पेटीच्या कोपऱ्यात पांढरा खडा दिसला की ती पेटी अंधाराची, हीसुद्धा थोरलीचीच खूण. थोरलीचा लिहिण्या-वाचण्यावर फारसा विश्वास नव्हता. चिठ्ठी भिजते, खडा भिजत नाही, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षापासून मात्र थोरलीचं काहीतरी निसटायला लागलं होतं.

आधी नळ. दुपारभर पाइप सुरू राहिला आणि फ्लॉक्सचा अख्खा वाफा तळं होऊन बसला. मग रंगांच्या पाट्या. निळी पॅन्झी म्हणून नेलेली रोपं पिवळी फुलली आणि दवाखान्याचा माळी तणतणत आला. त्याच्यापुढे धाकटीनं चूक आपली म्हणून सांगितली. मग तीच गोष्ट तीनदा विचारणं, झाकण नसलेल्या बरण्या, दोनदा मीठ घातलेली भाजी. नवरा म्हणाला, "वहिनींचं वय झालं." धाकटी म्हणाली, "तुमच्यापेक्षा सातच वर्षांनी मोठ्या आहेत." तो विषय तिथंच बुडाला.

धाकटी थोरलीला काही बोलली नाही. ती नुसती मागे मागे फिरायला लागली. थोरलीनं नळ बंद केला की ही जाऊन पाही. थोरलीनं पाणी घातलं की ही मातीत बोट घालून बघे. पाट्या तपासायच्या, कुलूप ओढून बघायचं, गॅस बघायचा, आणि हे सगळं तिच्या नकळत. आपलं काम आटोपून वर दुसऱ्याचं झालेलं काम पुन्हा करायचं, तेही चोरासारखं. पाठ दुखते, गुडघे दुखतात, त्याला तेल लावता येतं. या दमणुकीला काय लावायचं ते तिला कळत नव्हतं. माया असते आणि तरीही माणूस थकतं, दोन्ही एकाच वेळी, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

थोरलीची मुलगी दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा, "आई, आता पुरे, इकडे ये." थोरलीचं उत्तर ठरलेलं होतं. "येईन गं. पण पेरणार कोण?" मग ती धाकटीकडे बघून डोळा मिचकावायची. धाकटीलाही हसू यायचं, कारण थोरली गेली तर या घरात तिच्याशी भांडायला आणि बोलायला दुसरं कोण होतं? आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, मनात एक बारीकसा आवाज म्हणायचा की गेली तर मला सकाळी अर्धा तास जास्त झोपता येईल.

यंदा ऊन उतरलं आणि थोरलीनं पेरायला घेतलं. धाकटी त्या दिवशी सकाळपासून खताच्या गोण्या उतरवत होती. संध्याकाळी पाय ओढत ती शेडमध्ये आली तेव्हा थोरली हातपाय धुवायला घरात गेली होती. टेबलावर बारा पेट्या गोणपाटाखाली होत्या. पलीकडे आठ पेट्या उघड्या, माती नीट दाबलेली, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात पांढरा खडा.

धाकटीनं खडे पाहिले. खडा आहे म्हणजे पॅन्झी. पॅन्झी आहे आणि झाकलेली नाही. म्हणजे बाई आठ पेट्या झाकायला विसरल्या आणि पिटुनिया अजून पेरलीच नाही. एरवी तिनं वाकून पाहिलं असतं. पॅन्झीचं बी बारीक मोहरीएवढं असतं, उघडं असलं तर डोळ्यांना दिसतं. पण चष्मा घरात होता, उजेड उतरला होता आणि वाकायचं म्हटलं की कंबर नको म्हणत होती. हाक मारून विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे "तुम्ही विसरलात" असंच सांगायचं. तिनं चाळणी घेतली, आठही पेट्यांवर मातीचा थर दिला, गोणपाट ओलं करून पसरलं आणि खडे जिथल्या तिथं ठेवून दिले. दोन दिवसांनी थोरलीनं स्वतःच "पिटुनिया झाली हो पेरून" असं जेवताना सांगितलं, तेव्हा धाकटीला वाटलं, चला, उरलेल्या पेट्यांत पेरली असेल. मागच्या मांडवात ठेवल्या असतील, पाणीही त्याच घालत असतील. त्या दिवसांत तिला मागच्या मांडवात जायला सवडच झाली नाही.

पेट्यांवर पाणी शिंपडायला एवढे दिवस धाकटीच शेडमध्ये जात होती. बाराव्या दिवशी सकाळी थोरलीनं गोणपाटं उचलली. बारा पेट्यांत पॅन्झीचे कोंब माना वर काढून उभे होते. मग तिनं बाकीच्या आठ पेट्यांवरचं गोणपाट ओढलं. खाली नुसती माती होती.

"हे कुणी झाकलं?"

धाकटी पिशव्या भरत होती. नवरा टेम्पोत रोपं चढवत होता. दोघंही जवळ आले.

"यात पिटुनिया होती," थोरली म्हणाली. "माझी कडवाली. आठ पेट्या."

"खडा आहे की यांच्यावर," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"अगं, खडा मीच ठेवला. पिटुनियाचं बी पेरलं तरी पेटी रिकामीच दिसते ना. मला हल्ली आठवत नाही कुठली पेरली नि कुठली नाही. दोनदा पेरू नये म्हणून या वर्षी पेरलेल्या पेटीवर खडा ठेवला. पॅन्झीला नाही लागत, तिच्यावर गोणपाट असतं, दिसतंच." ती बोलता बोलता थांबली. "तुला सांगायचं होतं. सांगितलं नाही का मी?"

म्हणजे थोरलीला ठाऊक होतं. आपलं निसटतंय हे तिला धाकटीच्या आधीपासून ठाऊक होतं आणि तिनं आपली आपण सोय केली होती, हुशारीनं, कुणाला त्रास न देता. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत बसल्या होत्या आणि त्या लपवण्याखाली आठ पेट्या गुदमरून गेल्या.

थोरलीनं आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"मीच झाकलं असणार," ती म्हणाली. "मीच. दुसरं कोण हात लावतंय बियाला?"

"वहिनी," नवरा म्हणाला, "आता बास करा. पोरगी बोलावतीय, तर जा. आरामात राहा. किती वर्षं राबायचं माणसानं?" तो वाईट बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

थोरलीनं मान हलवली. "खरंय भाऊजी. तिला फोन करा. येते म्हणावं."

धाकटी पुन्हा पिशव्या भरायला बसली.

यानंतरचे तीन दिवस तिला नंतर आठवले की तिची तिलाच लाज वाटायची. ती काही दुष्ट बाई नव्हती. पण सुंठीवाचून खोकला जात होता, आणि ती इतकी दमली होती की तिनं तो जाऊ दिला. नळ बघायला नको, गॅस बघायला नको. थोरली मुलीकडे जाईल, नातवंडांत रमेल, तिथं डॉक्टरही चांगले आहेत. एवढंच ना, की जाताना ती आपल्या हातून आपलं बी मेलं असं समजून जाईल. समजू दे. आज ना उद्या काहीतरी चुकलंच असतं. अशी समजूत धाकटी पिशव्या भरता भरता घालत होती, पण खाई त्याला खवखवे. थोरली मात्र शांत होती. ती कुणावर चिडली नाही, कुणाला बोलली नाही. गिऱ्हाइकानं दर विचारला तरी म्हणायची, "धाकटीला विचारा, मला काही कळत नाही." बत्तीस वर्षांत हे वाक्य त्या तोंडातून कुणी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी खोलीत गेली तर थोरली पलंगावर बसून बॅग भरत होती. साड्या, औषधं, आणि एक बाटली. बाटलीच्या तळाशी चिमूटभर वाळूसारखं काहीतरी होतं.

"हे तू ठेव," थोरली म्हणाली. "कडवालीचं एवढंच उरलंय. मी नाही पेरत आता. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही. मी हात लावला तर हेही जाईल."

धाकटीला कळलं की आता आपण गप्प बसलो तर जन्मभर गप्प बसावं लागेल. आणि बोललो तर ही बाई जाणार नाही, आणि तिच्या मागे मागे फिरणं पुन्हा सुरू, आणि ते दरवर्षी वाढतच जाणार. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा होता. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"ताई, त्या पेट्या मी झाकल्या."

थोरलीनं ऐकलं नसावं अशी ती घडी घालत राहिली.

"मी झाकल्या हो. संध्याकाळी आले, खडे पाहिले, मला वाटलं पॅन्झी उघडी राहिलीय. तुम्ही विसरलात असं वाटलं मला. मी वाकून पाहिलंसुद्धा नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"माझं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"बरोबर पेरली होती मी?"

"आठच्या आठ."

थोरलीचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिचे डोळे भरले आणि ती मोठ्यानं हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा पारा चढला. "डोळे काय गहाण टाकले होतेस? बावीस वर्षं माझ्या हाताखाली आणि पॅन्झी नि पिटुनिया कळत नाही? तीन दिवस! तीन दिवस मी इथं मेल्यासारखी फिरतेय आणि ही महामाया तोंड शिवून बसलीय! विचारायला काय जीभ झडली होती तुझी?" ती अर्धा तास बोलत होती. धाकटीनं इतक्या शिव्या कितीतरी दिवसांत खाल्ल्या नव्हत्या. ती रडत होती, आणि तिला बरं वाटत होतं.

बॅग रिकामी झाली. नवऱ्यानं मुलीला पुन्हा फोन केला आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. त्याच संध्याकाळी थोरलीनं ते चिमूटभर बी पेरलं, एका पेटीत, धाकटीला शेजारी बसवून. उशीर झाला होता. त्यातली चाळीसेक रोपं जगली आणि ती फुलायला लागली तेव्हा थंडी परतीच्या वाटेवर होती. विकण्याजोगी एकही नव्हती, सगळी बियासाठी ठेवली. फाटकातून लोक "कडवाली?" विचारायचे आणि रिकाम्या हातानं जायचे. एकंदरीत वर्ष वाईटच गेलं.

पण थोरलीच्या मनातून ते नुकसान जाईना, धाकटीनं सांगितलेलं मात्र पुन्हा पुन्हा जाई. चार दिवस बरे जात आणि मग सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून ती म्हणे, "या वर्षी माझ्या हातून केवढं नुकसान झालं गं." धाकटी सांगे, "तुमच्या नाही, माझ्या हातून. मी झाकल्या होत्या." थोरली चकित होई, हसे, चिडे, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या पाच-सहा वेळा धाकटीनं नीट सांगितलं. एकदा मात्र डोकं ठणकत असताना ती खेकसली, "किती वेळा तेच सांगू?" त्या दिवशी थोरलीला उत्तर मिळालंच नाही. तो सगळा दिवस ती मान खाली घालून वावरली, गिऱ्हाइकांना म्हणत राहिली की मला काही कळत नाही. संध्याकाळी धाकटीच्या जिवाला चैन पडेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं विचारायची वाटच पाहिली नाही. सकाळी नर्सरीचं फाटक उघडलं, थोरलीच्या हातात पाण्याची झारी दिली की ती आपण होऊन म्हणायची, "ताई, त्या आठ पेट्या मी झाकल्या होत्या. तुम्ही बरोबर पेरल्या होत्या." रोज. थकवा असो, गिऱ्हाईक उभं असो, नवरा टेम्पोतून बघत असो. कधी थोरली चिडायची, कधी नुसतं "हं" म्हणायची. धाकटीला ते आता नळ बघण्यासारखंच झालं होतं, केल्याशिवाय दिवस सुरू होत नसे.

महिनाभरानं एका सकाळी, पॅन्झी उन्हानं मलूल व्हायला लागल्या होत्या त्या दिवसांत, तिनं असंच सांगितलं. थोरलीनं झारी खाली ठेवली आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"माहितीय गं मला," ती हळूच म्हणाली. "कालपण सांगितलंस. परवापण सांगितलंस. रोज तेच तेच काय सांगतेस?"

धाकटीनं खाली ठेवलेली झारी उचलली.

"विसरायला होतं का तुला हल्ली?" थोरलीनं विचारलं. आजूबाजूला कुणी नाही ना हे तिनं आधी पाहून घेतलं होतं.

धाकटीच्या ओठांवर बरंच काही आलं. ती म्हणाली, "हो ताई. होतं खरं जरा."

"मग सांगायचं नाही का? लपवतात का असलं?" थोरलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. कुणाला बोलणार नाही मी. तू बस इथं घटकाभर. नळ बंद केलास का ते मी बघून येते."

नळ बंदच होता, धाकटीनं दोनदा पाहिला होता. ती उपड्या बादलीवर बसली. सगळ्या हंगामात सकाळच्या वेळी ती पहिल्यांदाच बसली होती.